नोकरी सोडली, विषय सोडला नाही

अनसिंग : बीएस्सी किंवा बीसीएचं शेवटचं वर्ष लागलं, की आपल्याकडे घरात, टपरीवर आणि लग्नाच्या पंगतीत एकच प्रश्न विचारला जातो. "मंग, पुढं काय?" याची उत्तरंही ठरलेली. एक तर स्पर्धा परीक्षा. नाहीतर पुण्याची ट्रॅव्हल्स पकडायची, तीन-चार महिन्यांचा एखादा कोर्स करायचा आणि मिळेल त्या आयटी कंपनीत चिकटायचं.

दोन्ही उत्तरांत वाईट काहीच नाही. पण तिसरं उत्तर कुणी सांगतच नाही. एखादा विषय पकडायचा, त्याच्या तळापर्यंत जायचं, संशोधन करायचं आणि मग त्याच विषयाच्या जोरावर स्वतःचं काहीतरी उभं करायचं. "पीएचडी म्हणजे प्राध्यापक व्हायचंय का?" असं विचारून आपण तो रस्ता सुरू व्हायच्या आधीच बंद करतो.

हा रस्ता चाललेला एक माणूस आपल्याच भागात जन्मला. डॉ. आनंद देशपांडे. संगणकशास्त्रात पीएचडी, अमेरिकेतल्या नावाजलेल्या प्रयोगशाळेत संशोधक आणि नंतर पुण्याच्या पर्सिस्टंट सिस्टिम्स या सॉफ्टवेअर कंपनीचे संस्थापक. कॅम्पस प्लेसमेंटच्या यादीत हे नाव तुम्ही वाचलं असेलच. त्या नावामागचा माणूस मात्र आपल्याकडे फारसा कुणाला माहीत नसतो.

जन्म अकोल्याचा, पण...

देशपांडे यांचा जन्म अकोल्याचा. वाशीम जिल्हा झाला १ जुलै १९९८ ला. त्याआधी वाशीम काय, अनसिंग काय, सगळं अकोला जिल्ह्यातच होतं. म्हणजे कागदोपत्री ते आपल्याच जुन्या जिल्ह्याचे.

पण "आपला माणूस" म्हणून लगेच कॉलर ताठ करायच्या आधी पुढचंही वाचा. ते वाढले भोपाळमध्ये. वडील भेल या सरकारी कंपनीत होते आणि लहानपण भेलच्या वसाहतीत गेलं. पुढे आयआयटी खरगपूरमधून १९८४ मध्ये संगणकशास्त्रात बीटेक. तिथून अमेरिकेतल्या इंडियाना विद्यापीठात एमएस आणि पीएचडी. म्हणजे कंदिलाच्या उजेडात अभ्यास केलेल्या मुलाची ही गोष्ट नाही. चांगली शाळा, शिकलेलं घर, आयआयटी हे सगळं त्यांच्या पाठीशी होतं. आपल्यातल्या बहुतेकांपाशी ते नाही, हे आधीच मान्य करून टाकू.

तरीही ही गोष्ट इथल्या वाचकासाठी लिहावीशी वाटते, कारण आयआयटीतून अमेरिकेत गेलेले हजारो होते. प्रयोगशाळेतली नोकरी सोडून, १९९० च्या भारतात परत येऊन, आपल्या संशोधनाच्याच विषयावर कंपनी काढणारे मात्र फार थोडे होते.

अडत्याची वही आणि पीएचडीचा विषय

त्यांचा संशोधनाचा विषय होता डेटाबेस. त्यातही 'नेस्टेड रिलेशनल डेटाबेस'. नाव ऐकून पान उलटू नका. सोयाबीनच्या हंगामात अडत्याच्या दुकानात बसलेल्या कुणालाही हा विषय पाच मिनिटांत कळेल.

अडत्याकडे शेतकऱ्यांची यादी असते. नाव, गाव, मोबाइल नंबर. एकाच शेतकऱ्यानं हंगामात चार वेळा माल आणला, तर त्याच्या चार काटापट्ट्या होतात. आता हे सगळं संगणकात कसं ठेवायचं? १९७० मध्ये आयबीएम कंपनीतल्या एडगर कॉड या शास्त्रज्ञानं यावर एक सुटसुटीत उत्तर दिलं. सगळी माहिती तक्त्यांत ठेवा आणि तक्त्याच्या एका चौकोनात एकच गोष्ट लिहा. शेतकऱ्यांचा तक्ता वेगळा, काटापट्ट्यांचा वेगळा आणि दोघांना जोडणारा एक क्रमांक. यालाच रिलेशनल डेटाबेस म्हणतात. बीसीएच्या दुसऱ्या वर्षात आपण जे 'फर्स्ट नॉर्मल फॉर्म' पाठ करतो, ते हेच.

पद्धत भक्कम आहे. पण एकाच शेतकऱ्याचा पूर्ण हिशोब बघायचा, तर दर वेळी दोन तक्ते जोडावे लागतात. काही संशोधकांनी मग विचारलं, की चौकोनात एकच गोष्ट का? शेतकऱ्याच्या ओळीतल्या एका चौकोनात त्याच्या काटापट्ट्यांचा अख्खा छोटा तक्ताच ठेवला तर? डब्यात डबा ठेवतात, तसा तक्त्यात तक्ता. कागदावर हे सोपं वाटतं. संगणकाच्या डिस्कवर तो नीट मांडायचा आणि हवी ती नोंद झटकन शोधून काढायची, हे अवघड काम होतं. देशपांडे आणि त्यांचे मार्गदर्शक डर्क व्हॅन गुख्त यांनी नेमक्या याच कामावर लिहिलेला शोधनिबंध १९८८ मध्ये व्हीएलडीबी या परिषदेत आला. डेटाबेसच्या जगात या परिषदेचा मान फार मोठा आहे.

यात एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. "एआयमध्ये काहीतरी करायचंय" असा मोघम विषय त्यांनी घेतला नव्हता. प्रश्न छोटा होता, नेमका होता आणि खोल होता. पुढे कंपनी उभी राहिली ती या खोलीवर.

गंगा उलटी वाहिली

पीएचडीनंतर ते कॅलिफोर्नियातल्या पालो आल्टो इथं एचपीच्या संशोधन प्रयोगशाळेत लागले. सिलिकॉन व्हॅली जिथून सुरू झाली असं मानतात, तेच हे गाव. ह्युलेट आणि पॅकार्ड यांनी १९३९ मध्ये आपली कंपनी इथल्याच एका गॅरेजात काढली होती. डेटाबेसच्या संशोधकाला याहून चांगली जागा त्या काळी क्वचितच मिळाली असती. तिथं ते जेमतेम दीड वर्ष राहिले. मे १९९० मध्ये पर्सिस्टंटची स्थापना झाली आणि ते पुण्यात परतले.

आजच्या नजरेनं बघितलं तर "पुण्यात आयटी कंपनी काढली, त्यात काय विशेष?" असं वाटेल. म्हणून १९९० चा भारत डोळ्यांसमोर आणा. आर्थिक उदारीकरण अजून एक वर्ष लांब होतं. परदेशातून संगणक आणायचा तर परवाने आणि भरमसाट आयात शुल्क. घरी फोन हवा असेल तर नंबर लावून वर्षानुवर्षं वाट बघायची. सर्वसामान्यांसाठी इंटरनेट आपल्याकडे आलं ऑगस्ट १९९५ मध्ये, म्हणजे कंपनी सुरू झाल्यावर पाच वर्षांनी. लिहिलेलं सॉफ्टवेअर टेपवर किंवा फ्लॉपीत भरून पाठवायचा तो जमाना. हिंजवडीत तेव्हा शेती होती.

पुण्याच्या बाजूनं एक गोष्ट मात्र होती. १९८८ मध्ये तिथं सी-डॅक ही सरकारी संस्था सुरू झाली होती आणि भारताचा स्वतःचा महासंगणक बनवायचं काम चाललं होतं. विद्यापीठ होतं, इंजिनिअरिंग कॉलेजं होती. संगणकाचं काम गंभीरपणे करणारी माणसं शहरात जमू लागली होती.

एका शब्दाचे दोन अर्थ

'पर्सिस्टंट' या शब्दाचा डिक्शनरीतला अर्थ चिवट, नेटानं लागून राहणारा. पण डेटाबेसवाल्यांच्या भाषेत त्याला आणखी एक अर्थ आहे. प्रोग्राम बंद झाला, वीज गेली, तरी जी माहिती टिकून राहते ती 'पर्सिस्टंट'. टपरीवर चहाचे दहा रुपये यूपीआयनं दिले आणि त्याच क्षणी मोबाइल बंद पडला, तरी त्या व्यवहाराची नोंद बँकेच्या डेटाबेसमध्ये राहते. संगणकाच्या तात्पुरत्या मेमरीतलं पुसलं जातं, डेटाबेसमध्ये उतरलेलं टिकतं. संशोधकाच्या रोजच्या वापरातला हा शब्द कंपनीच्या पाटीवर आला.

वेगळं काय केलं?

नव्वदच्या दशकात भारतातल्या बहुतेक सॉफ्टवेअर कंपन्यांचं काम साधारण एकाच धर्तीचं होतं. परदेशातली एखादी बँक, विमा कंपनी किंवा कारखाना यांची संगणक यंत्रणा सांभाळायची, दुरुस्त करायची, त्यासाठी माणसं पुरवायची. वर्ष २००० च्या तारखेचा गोंधळ निस्तरायचं 'वायटूके'चं काम आलं, तेव्हा तर हा धंदा जोरात चालला.

पर्सिस्टंटनं ग्राहकच वेगळे निवडले. ज्या कंपन्या स्वतः सॉफ्टवेअर बनवून विकतात, त्यांचं सॉफ्टवेअर बनवायला मदत करायची. म्हणजे घर झाडून देणं वेगळं आणि गवंड्याला बांधकामात साथ देणं वेगळं. बँकेला तिची यंत्रणा चालली की पुरे असतं. सॉफ्टवेअर बनवणारा ग्राहक मात्र स्वतःच जाणकार असतो. त्याच्यासमोर टिकायचं, तर त्याच्याइतकंच किंवा त्याच्याहून जास्त कळावं लागतं. इथं पीएचडीतला तो खोल विषय कामाला आला. डेटाबेसचं पोट आतून बघितलेली माणसं त्या काळी भारतात हातावर मोजण्याइतकी होती. त्यांतला एक जण पुण्यात दुकान मांडून बसला होता.

जगातही हे असंच घडत आलंय. कॉडचा १९७० चा लेख आयबीएममधल्या शास्त्रज्ञानं लिहिलेला. त्यातल्या कल्पनेवर १९७७ मध्ये ओरॅकल ही कंपनी उभी राहिली. अमेरिकेत बर्कली विद्यापीठाचे प्राध्यापक मायकेल स्टोनब्रेकर यांनी डेटाबेसवर संशोधन केलं, त्यातून एकामागून एक कंपन्या काढल्या आणि २०१४ चा ट्युरिंग पुरस्कारही मिळवला. गूगलची सुरुवात स्टॅनफर्डमध्ये पीएचडी करणाऱ्या दोन विद्यार्थ्यांच्या संशोधनातून झाली. प्रयोगशाळेतून बाजारात जाणारी वाट आधीपासून होती. आपल्याकडे तिच्यावर वर्दळ नव्हती, एवढंच.

वीस वर्षांचा हिशोब

रील्समध्ये दिसणारा उद्योजक दोन वर्षांत गाडी घेतो आणि तिसऱ्या वर्षी पॉडकास्टवर जातो. पर्सिस्टंटची चाल बघा. १९९० मध्ये सुरुवात. बाहेरच्या मोठ्या गुंतवणूकदार संस्थांचा पैसा, म्हणजे नॉर्वेस्ट आणि गॅब्रिएल यांची गुंतवणूक, आली २००५ मध्ये. शेअर बाजारात कंपनी उतरली एप्रिल २०१० मध्ये, बरोबर वीस वर्षांनी. तेव्हा ३१० रुपयांना शेअर दिला गेला आणि मागणी होती उपलब्ध शेअर्सच्या नव्वद पटींहून जास्त. २०२२-२३ या आर्थिक वर्षात कंपनीचं उत्पन्न एक अब्ज डॉलरच्या पुढे गेलं. रुपयांत सांगायचं तर आठ हजार कोटींहून जास्त. काम करणारी माणसं वीस हजारांच्या वर.

मधल्या काळात २०००-०१ चा डॉटकॉमचा फुगा फुटला. २००८ ची जागतिक मंदी आली. दोन्ही वेळी अमेरिकेवर अवलंबून असलेल्या सगळ्याच सॉफ्टवेअर कंपन्यांची परीक्षा होती. ही कंपनी त्यातून तगली.

आणखी एक गोष्ट आपल्याकडे कमीच दिसते. संस्थापक खुर्ची सोडत नाही, हा आपला अनुभव, मग ती पतसंस्था असो की शिक्षण संस्था. देशपांडे यांनी रोजचा कारभार बघणारं सीईओपद बाहेरून आलेल्या व्यावसायिकांकडे सोपवलं. २०२० पासून ते संदीप कालरा यांच्याकडे आहे. स्वतः देशपांडे अध्यक्ष म्हणून राहिले.

कंपनीच्या इमारतींची नावंही सांगण्यासारखी आहेत. पुण्यात सेनापती बापट रोडवर 'भगीरथ', एरंडवण्यात 'आर्यभट-पिंगल'. विदर्भातल्या मुलांसाठी खास बाब म्हणजे नागपूरच्या परसोडीतल्या आयटी पार्कात 'गार्गी-मैत्रेयी' आहे. गणिती, छंदशास्त्राचा अभ्यासक, वाद घालणाऱ्या विदुषी. पाट्यांवरही अभ्यासकच.

पैसा झाला, पुढे?

संशोधनाशी नातं मात्र तुटलं नाही. संगणकशास्त्रज्ञांची एसीएम ही जागतिक संघटना आहे. तिची भारतातली शाखा उभी करण्यात देशपांडे यांचा वाटा आहे. २०१७ मध्ये सुरू झालेल्या स्मार्ट इंडिया हॅकेथॉनमध्ये पर्सिस्टंट सरकारसोबत भागीदार होती. आपल्या भागातल्या इंजिनिअरिंग कॉलेजांचे कितीतरी गट या स्पर्धेसाठी रात्री जागवतात.

२०१३ मध्ये आनंद आणि सोनाली देशपांडे यांनी 'देआसरा' ही ना-नफा संस्था सुरू केली. तिचं काम आहे छोटा धंदा सुरू करणाऱ्याला मदत करणं. परवाना कुठून काढायचा, कर्जाचा अर्ज कसा भरायचा, हिशोब कसा ठेवायचा. कुणाला हे काम किरकोळ वाटेल. पण ब्युटी पार्लर किंवा खानावळ काढू बघणाऱ्या माणसाचं घोडं नेमकं इथंच अडतं, हे गावात राहणाऱ्याला सांगायला नको.

एकच वाट नाही

याच जुन्या अकोला जिल्ह्यातून आणखी एक शास्त्रज्ञ घडला. डॉ. विजय भटकर. मूर्तिजापूर तालुक्यातल्या मुरंबा गावचे. नागपूरच्या इंजिनिअरिंग कॉलेजातून पदवी, बडोद्यात एमई, आयआयटी दिल्लीतून पीएचडी. त्यांच्या नेतृत्वाखाली सी-डॅकनं १९९१ मध्ये 'परम ८०००' हा महासंगणक तयार केला. त्यांनी सरकारी संस्था उभी केली, देशपांडे यांनी खासगी कंपनी. पण दोघांच्याही हातात आधी विषय होता. आणि भटकर खेड्यातून आले होते, हे "आपल्याला कुठं जमतंय" म्हणणाऱ्यांनी ध्यानात ठेवावं.

उलट बाजूही सांगितली पाहिजे. क्विक हील ही अँटिव्हायरस बनवणारी पुण्याचीच कंपनी. तिचे संस्थापक कैलास काटकर सातारा जिल्ह्यातल्या रहिमतपूरचे. दहावीनंतर कॅल्क्युलेटर दुरुस्त करायचं काम करत ते इथवर आले. म्हणजे पीएचडीशिवाय सॉफ्टवेअर कंपनी निघत नाही, असं अजिबात नाही. पण काटकरांनीही मशीन उघडून आत बघितलं, दुरुस्त करता करता तिचं दुखणं ओळखलं. एकाची खोली प्रयोगशाळेतली, दुसऱ्याची दुकानातली. वरवरचं कुणाचंच नव्हतं.

आपल्याकडून काय होईल?

वाशीम केंद्राच्या आकांक्षित जिल्ह्यांच्या यादीत आहे. सोप्या भाषेत, मागास. इथं प्रयोगशाळा नाहीत, मार्गदर्शक कमी, नेटवर्क येतं-जातं. ही तक्रार खरी आहे. पण १९९० साली जे पुण्यातही मिळत नव्हतं, त्यातलं बरंच आज मोबाइलवर फुकट मिळतं, हेही खरंच. म्हणून काही कामाच्या गोष्टी :

• पोस्टग्रेसक्यूएल हा डेटाबेस फुकट आहे आणि त्याचा सगळा कोड कुणालाही उघडून वाचता येतो. १९८६ मध्ये बर्कलीत स्टोनब्रेकर यांनी सुरू केलेल्या संशोधनातूनच तो निघाला. घरच्या लॅपटॉपवर किंवा कॉलेजच्या लॅबमध्ये टाकून बघा. अडत्याची वही त्यात उतरवून बघितली, तरी अर्धा अभ्यासक्रम होतो.

• एनपीटीईएलवर आयआयटीच्या प्राध्यापकांची व्याख्यानं मोफत आहेत. डेटाबेसवरचा आयआयटी खरगपूरचा अभ्यासक्रमही तिथं आहे. प्रमाणपत्राची परीक्षा द्यायची असेल, तरच फी लागते.

• बीएस्सीवाल्यांना आयआयटीत एमएस्सीसाठी 'जॅम' परीक्षा देता येते. पदवीच्या तिसऱ्या वर्षात असताना 'गेट'ही देता येते. या दोन परीक्षांची नावं आपल्या कॉलेजांच्या नोटीस बोर्डवर क्वचित दिसतात, म्हणून मुद्दाम लिहितेय.

• "पीएचडी करायची तर घर कोण चालवणार?" हा प्रश्न रास्त आहे. नेट परीक्षेतून जेआरएफ मिळाली, तर २०२३ पासून महिन्याला ३७ हजार रुपये मिळतात. राज्यात बार्टी, सारथी, महाज्योती या संस्थांच्याही संशोधन शिष्यवृत्त्या आहेत. पैसे उशिरा येतात म्हणून विद्यार्थ्यांना आंदोलनंही करावी लागली आहेत. ते गृहीत धरूनच हिशोब करा, पण दार आहे, हे माहीत असू द्या.

हे सगळं वाचून कुणी लगेच पीएचडीला नाव नोंदवावं, असं नाही. घरची अडचण असेल तर पुण्याची ट्रॅव्हल्स पकडण्यात काहीच कमीपणा नाही. फक्त बॅगेत कपड्यांसोबत एखादा विषय असावा. जावा, पायथन, टेस्टिंग असं जे त्या वर्षी चालतंय ते शिकून नोकरी लागते, पण तीन वर्षांनी दुसरंच काहीतरी चालू लागतं आणि पुन्हा कोर्सची फी भरावी लागते. आता तर सरळसोट कोड एआयसुद्धा लिहून देतंय. तो बरोबर आहे का, आणि हजार नोंदींवर चाललेला प्रोग्राम एक कोटी नोंदींवर का बसला, हे सांगायला आत काय चाललंय ते कळणारं माणूसच लागतं.

१९८८ मध्ये तक्त्यात तक्ता ठेवण्यावर निबंध लिहिताना त्यातून वीस हजार लोकांना काम देणारी कंपनी निघेल, असं कुणी सांगू शकलं नसतं. विषय निवडताना एवढ्या लांबचं दिसत नसतं आणि दिसायची गरजही नसते. डोक्यात सारखा वळवळणारा एक प्रश्न असला, की सुरुवातीला पुरतो. तुमचा प्रश्न सोयाबीनवर पडणाऱ्या येलो मोझॅकचा असेल, एसटीच्या वेळापत्रकाचा असेल, नाहीतर वऱ्हाडी बोली मोबाइलला का कळत नाही, हा असेल. या सुट्टीत तो वहीच्या पहिल्या पानावर लिहून काढा आणि त्यावर आजवर कुणी काय केलंय, ते शोधायला लागा.